नव्या नाटकाला दाद द्यायची, ती कशाच्या आधारावर?

काठावरचा प्रेक्षक, सोलापूर

नमस्कार. प्रश्न जरा लांबणीचा आहे, तरी एकदाच नीट मांडतो.

तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांची नाटके आपण पाहायला किंवा वाचायला घेतो, तेव्हा त्यांच्याबद्दल आधीच पुष्कळ बोलले गेलेले असते. ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत किंवा ‘वाडा चिरेबंदी’तला दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांच्याकडे कसे पाहावे, हे नाटक पाहण्यापूर्वीच कुठेतरी कानांवर पडलेले असते. त्यामुळे आपली दाद कितपत आपली आणि कितपत उसनी, हे ठरवणेही अवघड होऊन बसते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुढे आलेल्या नाटककारांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते. मनस्विनी लता रवींद्र, धर्मकीर्ती सुमंत, इरावती कर्णिक, प्राजक्त देशमुख, दत्ता पाटील, राजकुमार तांगडे ही नावे माहीत असतात, क्वचित एखादा प्रयोग पाहिलेला असतो, पण हाताशी धरावे असे काहीच नसते. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात निम्मी जागा कथानकाला जाते आणि उरलेली ‘नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक’ यात संपते.

सोलापुरात ही अडचण आणखी वाढते. हुतात्मा स्मृती मंदिरात दौऱ्यावर येणारे नाटक बहुतेक वेळा मालिकांमधल्या ओळखीच्या चेहऱ्यांवर चालते. पुण्या-मुंबईच्या छोट्या रंगमंचांवर होणारे प्रायोगिक नाटक इथवर पोहोचेपर्यंत त्याचे प्रयोग थांबलेले असतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नव्या संहिता ओळीने पाहायला मिळतात, हे खरे. पण आज पाहिलेल्या नाटकावर बोलायच्या आत उद्याच्या नाटकाची तिसरी घंटा होते आणि बाहेर पडताना ‘बरे होते’ किंवा ‘डोक्यावरून गेले’ या दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात.

आम्ही काही परिचित मंडळी महिन्यातून एकदा बसून नवी नाटके वाचावीत अशा विचारात आहोत. नाटक समजले नाही, तर उणीव आपली की नाटकाची, हे कसे ओळखावे? आधी संहिता वाचावी की प्रयोग पाहावा? आणि ज्या नाटकावर अजून कोणी काही लिहिलेले नाही, त्याला मापायचे ते कशाने? या विषयात ज्यांनी हात घातला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

विंगेतला, सोलापूर

हौशी रंगभूमीवर दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, त्या जोरावर लिहितो. समीक्षक नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

माझा पहिला सल्ला असा की, ‘हे नाटक कशाबद्दल आहे’ हा प्रश्न किमान मध्यंतरापर्यंत खिशात ठेवावा. नव्या नाटकासमोर बसलेला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत विषय शोधतो, तो सापडला की निर्धास्त होतो आणि मग उरलेले नाटक त्या विषयावरचे भाषण असल्यासारखे ऐकतो. त्याऐवजी रंगमंचावर कोणाला काय माहीत आहे, कोणापासून काय लपवले जात आहे आणि प्रेक्षक म्हणून आपल्याला यातल्या कोणाच्या बाजूला बसवले आहे, एवढे पाहत राहावे. नाटककाराचे खरे काम तिथे चाललेले असते. विषय तर संपादकीयालाही असतो.

उदाहरण थोडे जुने घेतो, म्हणजे ते सर्वांच्या ओळखीचे असेल. प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’त विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, तो प्रसंग आठवा. १९९१ साली वंदना गुप्ते यांनी आणि २०२२च्या नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी तो केला. पलीकडचा माणूस आपल्याला ना दिसतो, ना ऐकू येतो. विद्या बोलायची थांबते, रिसीव्हर कानाशी तसाच असतो, आणि त्या तेवढ्या वेळात नवरा काय म्हणाला असेल, हे सभागृहातला प्रत्येक जण आपापल्या घरातल्या अनुभवाने भरून काढतो. तिच्या पुढच्या वाक्यावर आपण भरलेले बरोबर ठरते किंवा चुकते. म्हणजे त्या प्रसंगातले निम्मे संवाद प्रेक्षक लिहितो. लेखकाने नवऱ्याला समोर आणून उभे केले असते, तर दोघांचे भांडण झाले असते, टाळ्याही पडल्या असत्या. पण प्रेक्षकाला काम उरले नसते. नवे नाटक पाहताना मी हेच शोधतो, की लेखकाने माझ्यासाठी कोणते काम शिल्लक ठेवले आहे. काहीच ठेवले नसेल, तर नाटक कितीही ताजे असो, ते जुने आहे.

दुसरी गोष्ट घाटाची, म्हणजे नाटकाच्या बांधणीची. आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४ साली आले, तेव्हा तेही नवखेच होते आणि मेलेला माणूस उभा राहून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतो म्हणजे काय, असे विचारणारे होतेच. आज कळते की, तिथे कीर्तन हा अलंकार नव्हता. ज्या घाटात आपण पिढ्यान्‌पिढ्या पुण्य ऐकत आलो, त्याच घाटात आपल्या मरणाभोवतीचा सगळा फोलपणा ऐकायला लागणे, हाच त्या नाटकाचा अनुभव होता. आता हीच फूटपट्टी ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ला लावून पाहा. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि रंगमंचावर बहुतेक माणसे जालन्याकडची, शेतीभातीत वाढलेली. यम महाराजांना न्यायला येतो आणि महाराजांचा जिरेटोप कोणाच्या डोक्यावर बसतो, हे शोधत फिरतो, एवढी गंमत धरून बसलो तर ते एक फर्मास वगनाट्य वाटेल. पण त्यातला शाहिरांचा सवाल-जवाब नीट ऐका. आपण आजवर ज्या चालीत पोवाडा ऐकत आलो, त्याच चालीत, त्याच तोऱ्यात, रयतेच्या राजाबद्दलचे वेगळे पुरावे समोर ठेवले जातात. पोवाड्याला मान डोलावायची सवय असलेली मान मध्येच थबकते. हे व्याख्यानात साधणार नाही, कादंबरीत साधणार नाही. ‘हे नाटकच का आहे?’ या प्रश्नाला ज्या संहितेकडे असे उत्तर आहे, तिला माझी दाद जाते, मग बाकी चार ठिकाणी ती कमी पडली तरी चालेल.

संहिता आधी की प्रयोग? सोलापुरात बसून या प्रश्नाची चैन आपल्याला परवडत नाही. जे आधी हाती लागेल ते घ्यावे. मात्र नाटक मनातल्या मनात वाचू नका. मोठ्याने वाचा, आणि भूमिका वाटून वाचा. माझा एक जुना उद्योग सांगतो. संहितेची दोन पाने घ्यायची, पात्रांची नावे झाकायची आणि कोणते वाक्य कोणाचे हे ओळखायला सांगायचे. सगळी पात्रे लेखकाच्याच आवाजात बोलत असतील, तर ते पाचव्या मिनिटाला उघडे पडते. मग वाचणाऱ्याने प्रत्येक वाक्याआधी ‘हा आत्ताच हे का बोलला?’ असे विचारायचे. जिथे उत्तर ‘प्रेक्षकाला माहिती व्हावी म्हणून’ असे येते, तिथे पेन्सिलीने खूण करायची. ज्या पानावर खुणा दाटतात, तिथे प्रयोगातही लोक हमखास खुर्चीत चुळबुळ करतात, हे मी विंगेत उभे राहून पाहिलेले आहे. रंगसूचनाही मोठ्याने वाचाव्यात. नवशिके त्या गाळतात आणि मग ‘इथे काही घडतच नाही’ म्हणून तक्रार करतात. घडते ते त्या कंसात लिहिलेले असते.

उणीव कोणाची, याचे सोपे उत्तर नाही. मी एवढेच पाहतो, की नाटकाने सुरुवातीला स्वतःसाठी जो नियम घातला तो ते पाळते का, आणि मोडलाच तर मोडण्याची किंमत मोजते का. काळ उलटसुलट करणारे नाटक असेल तर करू द्या, पण पहिल्या अंकात जे अशक्य होते ते शेवटच्या प्रवेशात केवळ सोय म्हणून शक्य होत असेल, तर ती उणीव प्रेक्षकाची नाही.

साधा रसिक, बार्शी

विंगेतला यांचे लिखाण आवडले, परंतु त्यातून असा समज होऊ शकतो की, नाटक कळले नाही तर प्रेक्षकाने आधी आपल्यातच शोधावे. मला हे मान्य नाही, आणि मी थोडे रोखठोक लिहिणार आहे.

तिकीट काढून येणारा माणूस दिवसभराचे काम उरकून येतो. त्याने तीन तास दिले आहेत, लक्ष दिले आहे, मोबाइल बंद ठेवला आहे. एवढे दिल्यावर त्याला नाटक भिडले नाही, तर ‘तुमची तयारी कमी’ हे त्याला ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. समकालीन नाटकांत चांगली आहेत, तशीच केवळ धूसरपणाच्या आडोशाला उभी असलेलीही पुष्कळ आहेत. आडातच नाही तिथे पोहऱ्यात कुठून येणार? पण आपण मात्र पोहरा सोडत बसतो, कारण न कळल्याचे कबूल करायची लाज वाटते.

स्पर्धेच्या नाटकांबद्दल तर बोलायलाच हवे. स्पर्धेसाठी म्हणून लिहिलेल्या नाटकाचा एक साचा झाला आहे आणि तो सोलापूर केंद्रावर पाहा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या केंद्रावर, सारखाच दिसतो. पडदा उघडताच धूर, त्यात निळा प्रकाश, मागे आलाप. चार-सहा जणांचा कोरस, जो कधी झाड होतो, कधी बस, कधी जमाव. दर पाच मिनिटांनी ब्लॅकआउट, आणि त्या काळोखात पाट सरकवल्याचे आवाज. विषय एकतर शेतकरी आत्महत्या, नाहीतर स्त्रीवरचा अत्याचार, आणि शेवटी एक पात्र पुढे येऊन थेट प्रेक्षकांनाच जाब विचारते. विषयाच्या गांभीर्याबद्दल कोणाचे दुमत असेल? पण त्या गांभीर्याचे कवच चढवल्यामुळे संहितेच्या कच्चेपणावर बोलणाऱ्यालाच असंवेदनशील ठरवले जाते. अशा नाटकाला आपण उभे राहून टाळ्या वाजवतो, त्या नाटकाला नसतात, विषयाला असतात. नव्या नाटककाराचे याने भले होत नाही. आपला प्रवेश का पडला, हे त्याला कोणी सांगतच नाही.

म्हणून आपल्या वाचन मंडळाला माझी एकच सूचना आहे, की न आवडल्याचे बोलणे आधी ऐकून घ्या. ‘मला कंटाळा आला’ हे वाक्य सभ्यपणे नोंदवून घेतले आणि कुठल्या पानावर आला, हे विचारले, तर त्यातून जे बाहेर येईल ते दहा कौतुकांतून येणार नाही.

चंद्रभागेकाठची, पंढरपूर

साधा रसिक यांचा त्रागा समजू शकते; विशेषतः कोरसबद्दल. मात्र चर्चेत अजून कोणी प्रेक्षकाच्या गावाचा विचार केलेला दिसत नाही. नवे नाटक सर्वत्र एकच असते असे आपण धरून चालतो. तसे ते नसते. त्यावर लिहून झालेले नसते, तेव्हा तर आपले गाव आपल्याला काय ऐकवते, हाच मोठा आधार असतो.

प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ घ्या. ते नाशिकचे. या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आणि मूळ एकांकिकेचे पुढे पूर्ण लांबीचे नाटक झाले, हे बहुतेकांना ठाऊक असेल. तुकोबांना शोधत, भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा मोडतो. गरोदर आवलीची देखभाल करायला प्रत्यक्ष रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी राहते. रंगमंचावर दोनच बायका. आवलीला ती कोण आहे हे माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, आणि सगळा ताण त्या माहीत असण्यात आहे. वर ‘कोणाला काय माहीत’ असे लिहिले गेले, त्याचा याहून स्वच्छ नमुना अलीकडच्या नाटकांत मला दुसरा सुचत नाही.

आता पंढरपूरच्या माणसाला त्यात आणखी काय ऐकू येते, ते सांगते. आमच्याकडे रखुमाई विठ्ठलाच्या शेजारी उभी नाही. एकाच आवारात असली तरी तिचे देऊळ वेगळे आहे, आणि ती रुसून दिंडीरवनात आली होती ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ असते. त्या दिंडीरवनात नदीच्या अंगाला लखूबाईचे देऊळही आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ‘लखूबाई’ हे नाटकासाठी घेतलेले एक गोड टोपणनाव वाटत असेल. आमच्या कानांवर ते पडते तेव्हा ती बाई कोणत्या घरातून कशी निघून आलेली आहे, हे तिने एक अक्षर बोलण्याआधी कळलेले असते. त्यामुळे आवली जेव्हा त्या काळ्याला शिव्या घालते आणि लखूबाई ऐकत राहते, तेव्हा तिच्या गप्प बसण्यात आम्हाला देवाची बाजू घेणारी देवी दिसत नाही. तीच तक्रार आपल्या मनात असूनही जिला ती बोलून दाखवता येत नाही, अशी बायको दिसते. एकीचा नवरा देवात हरवलेला आणि दुसरीचा भक्तांत. नाटक याची जाहीर घोषणा करत नाही. दोघी घरकाम करतात, गातात, मध्येच एकमेकींना टोचतात, आणि ते हळूहळू प्रेक्षकाच्या लक्षात येत जाते.

वारीच्या दिवसांत आमच्या घरी उतरणाऱ्या बायकांमध्ये हे बोलणे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घरदार सोडून आलेला माळकरी आणि मागे गोठा, पोरे, शेत सांभाळणारी त्याची कारभारीण, हा आमच्याकडे संतचरित्राचा विषय नव्हे. आषाढीला ओसरीवर बसून एकमेकींना सांगायची गोष्ट आहे ती. ‘देवबाभळी’ने मला नवे काय दिले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की, ओसरीवरचे ते बोलणे त्याने थेट रखुमाईच्या कानांपर्यंत नेले. हे माझे वाचन नाटककाराच्या मनात होते की नाही, याने मला फरक पडत नाही. ते संहितेत बसते की नाही, याने पडतो. आणि ते बसते.

एक तक्रारही नोंदवते, म्हणजे साधा रसिक यांना मी नुसती भक्त वाटणार नाही. त्यातली काही वाक्ये इतकी घोटीव आहेत की, ती आवली बोलत नाही, सुविचारांची वही बोलते असे वाटते. सभागृहातून ‘वाः’ येते तिथेच नेमके मला नाटक थांबल्यासारखे होते. दाद म्हणजे प्रत्येक ‘वाः’ला होकार नव्हे.

पूर्व भागातला, सोलापूर

माझे घर तेलुगू बोलणारे, शिक्षण मराठीतून. वरच्या प्रतिसादाला जोडून थोडेसेच लिहितो.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७चे, म्हणजे अगदी नवे नव्हे, परंतु पवारांना जाऊन अजून फार काळ लोटलेला नाही आणि आपल्या शहरासाठी ते नाटक अजूनही नवेच आहे, असे मला वाटते. १९८२च्या मुंबईतल्या गिरणी संपाने एका घराची काय अवस्था झाली, ते त्यात चाळीतल्या एका खोलीत दिसते. संप त्या खोलीत दिसत नाही. बेकार बसलेले मुलगे दिसतात. इथल्या कोणाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आमच्याकडे पत्ता सांगायला अजून वापरतात, गिरण्यांचे भोंगे कधीच बंद झाले तरीही.

पण मंडळात वाचन झाले तर मी एक प्रश्न विचारणार आहे. आमच्या भागात पुरुषाची गिरणी सुटली तेव्हा घर चालले ते बायकांच्या विड्यांवर. मांडीवर सूप घेऊन पाने कापणारी आई, तिच्या शेजारी तंबाखू भरणाऱ्या मुली, आणि बाहेरच्या खोलीत यंत्रमागाचा खडखडाट. नाटकातल्या धुरींच्या घरातली आई मुलांच्या आशेवर आणि चिडचिडीवर जगते. आमच्याकडच्या आईकडे त्याच काळात कारखान्याचे कार्ड होते आणि रोजच्या हजार विड्यांचा हिशोब होता. मग अधांतरी कोण राहिले, घर की फक्त घरातले पुरुष? नाटक कमी पडते असे मला म्हणायचे नाही. ते मुंबईचे आहे आणि मुंबईशी प्रामाणिक आहे. मात्र असा प्रश्न विचारता येणे, ही मला त्या नाटकाला दिलेली चांगली दाद वाटते, आणि त्या प्रश्नातून इथले एखादे नाटक कोणी लिहील, तर अधिकच चांगले.

आणखी एक. भूमिका वाटून वाचताना उच्चारांना हसू नये. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दख्खनी, शाळेत मराठी. अशा तोंडांतून प्रमाण मराठीतली संहिता वाचली, की लेखकाने कुठे केवळ पुस्तकी भाषा लिहिली आहे, ते फार लवकर कळते, कारण तिथे आमची जीभ अडखळते.

काठावरचा प्रेक्षक, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना मला एखादी तयार फूटपट्टी मिळेल अशी अपेक्षा होती. तिच्याऐवजी बरेच काम पदरात पडले आहे.

नावे झाकून वाचण्याचा प्रयोग आणि कंटाळ्याचे पान नोंदवण्याची सूचना, या दोन्ही गोष्टी आम्ही पहिल्याच बैठकीत करू. पहिल्या वाचनासाठी दत्ता पाटील यांचे ‘हंडाभर चांदण्या’ माझ्या मनात होते. पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे गाव हा त्याचा आधार आहे, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणे ज्या शहराने अंगवळणी पाडून घेतले आहे, त्या शहराला वाट पाहणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. मात्र वरची चर्चा वाचून भीती वाटते ती अशी की, विषय इतका आपला असल्यामुळे आम्ही नाटकाऐवजी पाणीपुरवठ्यावरच बोलत बसू. साधा रसिक यांनी दाखवलेला दोष मग आमच्या बैठकीलाच लागेल. त्यापेक्षा आमच्यापासून दूरचे, शहरी तरुणांच्या जगातले नाटक आधी घ्यावे का? धर्मकीर्ती सुमंत यांचे ‘गेली एकवीस वर्षं’ किंवा मनस्विनी लता रवींद्र यांचे ‘अमर फोटो स्टुडिओ’?

तसेच, पुढे आम्हाला श्रोत्यांसमोर वाचन करावेसे वाटले तर काय करावे लागेल, हेही कोणी सांगावे. हिराचंद नेमचंद वाचनालयाचे किर्लोस्कर सभागृह किंवा तसे एखादे ठिकाण डोळ्यांसमोर आहे.

विंगेतला, सोलापूर

घरात बसून वाचता तोवर कोणाला विचारण्याचे कारण नाही. श्रोत्यांना जाहीर निमंत्रण दिले, की मग ते अभिवाचन असले तरी आधी नाटककाराची लेखी परवानगी घ्यावी; तिकीट नसले तरीही घ्यावी. बहुतेक नवे नाटककार आनंदाने देतात, आणि त्या निमित्ताने त्यांच्याशी ओळख होते ती वेगळीच. पूर्ण प्रयोग करायचा झाला तर परवानगी आणि मानधन यांच्याबरोबरच नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. ते काम तालमी सुरू करतानाच हाती घ्यावे. पाठांतर झाल्यावर कागदपत्रांसाठी धावाधाव करणारे संघ मी दर वर्षी पाहतो.

नाटकाच्या निवडीबद्दल म्हणाल, तर ‘हंडाभर चांदण्या’च घ्या. बोलणे पाण्यावर घसरले, तर सूत्रधाराने एवढेच विचारावे, की हे संहितेत कोणत्या पानावर आहे. जे पानावर नाही, ते चहाच्या वेळी बोलावे. ‘अमर फोटो स्टुडिओ’ नुसत्या वाचनातही मजा देईल, पण काळाच्या उड्या कानांनी पकडणे नवख्या वाचकांना जड जाते, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत मागे ठेवावे, असे माझे मत आहे. पूर्व भागातला यांनी मात्र ‘अधांतर’चा प्रश्न विसरू नये; त्या बैठकीला मी स्वतः येईन.

साधा रसिक, बार्शी

मीही येईन. बार्शीची शेवटची एसटी गाठायची असते, तेव्हा वाचन वेळेवर सुरू करावे, आणि कंटाळ्याच्या पानांची नोंद माझ्याकडे द्यावी. ‘हंडाभर चांदण्या’ची प्रत कोणाकडे असल्यास कळवावे, बैठकीपूर्वी एकदा एकट्याने वाचून येण्याचा विचार आहे.

चंद्रभागेकाठची, पंढरपूर

एकट्याने वाचलेत तरी मोठ्याने वाचा, एवढे विंगेतला यांच्या वतीने सांगते. बैठक एकादशीला तेवढी ठेवू नये. त्या दिवशी आमच्याकडून निघणे होत नाही.